विद्यावेतनाची तारीख

होटगी स्टेशनच्या पंचक्रोशीत घराघरात पैसा येण्याचा वार ठरलेला असतो. विडी वळणाऱ्या बाईचा हिशेब आठवड्याला होतो. डेअरीला दूध घालणाऱ्याचं बिल दहा दिवसांनी निघतं. ठेकेदाराकडे हजेरीवर जाणारा माणूस आठवड्याची उचल घेतो आणि मंगळवारी सोलापूरच्या बाजारात किराणा भरतो. या घरांतली मुलं दहावी झाली की, किंवा दहावीनंतर दोन-तीन वर्षं रिकामी बसली की, आयटीआयला येतात. शिकत असताना सरकार त्यांना विद्यावेतन देतं, शिष्यवृत्ती देतं, फी परत करतं. पण या पैशाला वार नसतो. कधी दिवाळीनंतर, कधी परीक्षा झाल्यावर, कधी मुलगा पास होऊन बाहेर पडल्यावर तो खात्यावर जमा होतो.

मी फिटर ट्रेडचा शिल्पनिदेशक होतो. सगळी नोकरी जिल्ह्यातल्या शासकीय आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये गेली. घर होटगीतच. निवृत्तीनंतरही जुलै-ऑगस्ट आला की आसपासच्या गावांतली पोरं फॉर्म घेऊन ओट्यावर येऊन बसतात. नोकरीत असताना वर्गातून गळालेल्या कितीतरी मुलांच्या घरी गेलो, आईबापांशी बोललो, आणि एक गोष्ट मनात पक्की झाली. बेकार मुलाला शिकण्यासाठी सरकारने किती पैसे द्यावेत यावर बोलणारे पुष्कळ भेटतात. ते कोणत्या तारखेला द्यावेत यावर कुणी बोलत नाही. गरीब घरातला मुलगा टिकणार की जाणार, हे बऱ्याचदा त्या तारखेवर ठरतं.

होटगी म्हणजे जंक्शन. मुंबई-चेन्नईचा मोठा मार्ग इथून वाडीकडे जातो आणि विजयपूर-गदगचा फाटा इथंच फुटतो. माझ्या लहानपणी ती गदगची लाइन मीटरगेज होती. गावात कन्नड आणि मराठी दोन्ही चालतात. मुलगा घरी अव्वाशी, म्हणजे आईशी, कन्नड बोलतो, शाळेत मराठी शिकतो, सोलापुरात गेला की तेलुगूही कानावर पडते. शेती बहुतेक कोरडवाहू, ज्वारी-तुरीची. पाणी असेल तिथं ऊस. याच भागात अल्ट्राटेकचा सिमेंट कारखाना आहे. सोलापूरकडे जाताना कुमठ्याला सिद्धेश्वर साखर कारखाना लागतो. फताटेवाडी-आहेरवाडीच्या शिवारात एनटीपीसीचं औष्णिक वीज केंद्र उभं राहिलं, ६६० मेगावॉटचे दोन संच, पहिला २०१७ मध्ये आणि दुसरा २०१९ मध्ये चालू झाला. त्यामुळे फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन म्हणजे काय, हे इथल्या आईबापांना समजावून सांगावं लागत नाही. पोरगं हाताने काम शिकलं तर पोट भरेल, हे त्यांना आमच्याआधी कळलेलं असतं.

अडचण वेगळीच आहे. जिथं शिकलेल्या फिटरला काम आहे, तिथं न शिकलेल्या हेल्परलाही काम आहे. मोठ्या कारखान्यात वर्षातून ठरावीक काळ शटडाउन निघतं. यंत्रं थांबवून दुरुस्ती होते आणि ठेकेदारांना एकदम शेकडो माणसं लागतात. साहित्य उचलायला, साफसफाईला, फिटरच्या हाताखाली पाने द्यायला. अठरा पूर्ण झालेलं कुठलंही धडधाकट पोरगं चालतं. रोजची हजेरी, वर ओव्हरटाइम, आठवड्याला उचल. माझ्या वर्गातल्या हजेरीपटावर ही शटडाउनं मला न सांगता दिसायची. सलग गैरहजेरीच्या खुणा सुरू झाल्या, आणि त्या एकाच गावच्या चार-पाच नावांपुढे असल्या, की समजायचं.

फिटरचं शिक्षण सुरू कसं होतं, हे सांगितल्याशिवाय ही ओढाताण कळणार नाही. पहिले काही महिने कानस. एमएसचा, म्हणजे साध्या पोलादाचा, तुकडा व्हाइसमध्ये पकडायचा, पाय अंतर ठेवून रोवायचे, कानशीची मूठ उजव्या तळहातात आणि टोक डाव्या हाताच्या अंगठ्याखाली. पुढे ढकलताना दाब द्यायचा, मागे आणताना दाब काढायचा. नवं पोरगं दोन्ही वेळा दाब देतं, त्यामुळे कानशीचे दात बसतात, आणि कानस डोलवतं म्हणून तुकडा मधे फुगतो. मग ट्राय स्क्वेअर, म्हणजे सुतार-गवंड्यांचा गुण्या, त्या तुकड्यावर उभा धरून खिडकीकडे तोंड करायचं. पात्याच्या खालून उजेडाची रेघ दिसली तर पृष्ठभाग सपाट नाही. पुन्हा कानस. तळहाताला फोड येतात, फुटतात, घट्टे पडतात. एक दिवस पात्याखालून उजेड यायचा बंद होतो. पोरगं तो तुकडा घेऊन टेबलापाशी येतं तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे असतं, त्यासाठी मी ही नोकरी केली असं मी मनापासून सांगेन.

पण हा तुकडा बाजारात कुणी विकत घेत नाही. वेल्डरचं तसं नाही. त्याचा कोर्स एका वर्षाचा, आणि तीन-चार महिन्यांत टाके मारता यायला लागले की गावातल्या ग्रील-शटरच्या दुकानात त्याला रोज मिळू लागतो. वेल्डर मुलगा थोडं शिकल्यामुळे जातो. फिटर मुलगा अजून काहीच येत नाही म्हणून जातो. दोघांची गळती पहिल्या दिवाळीच्या आगेमागे होते. प्रवेश ऑगस्टच्या सुमाराला पूर्ण होतात, त्यानंतरचे तीन-चार महिने सगळ्यात नाजूक. नेमकं तेव्हा त्याच्या हातात सरकारचा एक रुपयाही आलेला नसतो, कारण फॉर्म तेव्हा कुठे भरले जात असतात.

कुंभारीच्या गोदूताई परुळेकर विडी घरकुलातला एक मुलगा माझ्याकडे फिटरला होता. कामगारांनी लढून मिळवलेली दहा हजार घरांची वसाहत ती, २००६ मध्ये उभी राहिलेली. मुलाचा हात चांगला होता. नव्या मुलाला हॅकसॉ सरळ चालवायला वेळ लागतो. याची कापणी पहिल्यापासून रेघेवर यायची. दसऱ्यानंतर तो दिसेना. मी घरी गेलो. आई दारात सूप मांडीवर घेऊन विड्या वळत होती. पान कातरून, तंबाखू भरून, गुंडाळून, दोऱ्याने बांधून विडी बाजूला पडत होती, आणि बोलताना तिचा हात एकदाही थांबला नाही. नवरा यंत्रमागावर होता, दम्यामुळे घरी बसला होता. मुलगा शटडाउनला गेला होता.

मी नेहमीचं सगळं सांगितलं. दोन वर्षं दम धरा, राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळेल, पुढे अप्रेंटिसला लागेल, रेल्वेत, कारखान्यात जागा निघतात. तिने ऐकून घेतलं. मग विचारलं, "सर, शिकताना पैसे मिळतात म्हणतात. किती मिळतात आणि कधी मिळतात?"

किती, ते मला सांगता आलं. विद्यावेतन तेव्हा महिन्याला ४० रुपये होतं. विडी कामगारांच्या मुलांसाठी केंद्राच्या कामगार कल्याण विभागाची शिष्यवृत्ती असते, आयटीआयला वर्षाचे ६,००० रुपये, तिचा फॉर्म वेगळा. फी तर नाममात्रच. पण 'कधी' याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, प्राचार्यांकडे नव्हतं, लेखा विभागात कुणाकडे नव्हतं. ती म्हणाली, "मला शनिवारी कळतं आठवड्याचं काय झालं ते. तुमच्या पैशाचं मला वर्षभर कळणार नाही, मग मी दुकानदाराला काय सांगू?"

तो मुलगा परत आला होता काही दिवस. पण परीक्षेला बसायला ८० टक्के हजेरी लागते आणि ती त्याची भरेना. गेला. आता तो ठेकेदारांबरोबर वीज केंद्रांवर जातो, कर्नाटकात कुडगीला, कधी त्याहून लांब. कमावतो, घर त्याच्यावर चालतं. त्याच्याच टोळीत प्रमाणपत्र असलेला फिटर त्याच्यापेक्षा जास्त रोज घेतो. मध्यंतरी त्याचा फोन आला होता, धाकट्या भावासाठी. "सर, त्याला फिटरलाच घाला. त्याचं जायचं-यायचं मी बघतो."

या ४० रुपयांविषयी थोडं सांगायला हवं, कारण मी स्वतः ते घेतलेले आहेत. ऐंशीच्या दशकात सोलापुरात विजापूर रोडवरच्या शासकीय आयटीआयमध्ये मी फिटर शिकलो. वडील शेतमजूर. १९७२ च्या दुष्काळात ते खडी फोडायला होते. वि. स. पागे यांच्या विचारातून रोजगार हमी योजना आली, १९७७ साली तिचा कायदा झाला, आणि आमच्यासारख्या घरांनी त्या कामांवर कितीतरी उन्हाळे काढले. वडील नेहमी सांगायचे की हजेरीपत्रकावर अंगठा उठवला की पैसे येणार हा भरवसा होता, म्हणून माणसं गाव सोडून गेली नाहीत. त्याच घरातला मुलगा आयटीआयला गेला तेव्हा ४० रुपये महिना मिळू लागले. यादीत नाव आलं की रोखीने, सही करून. माझा रेल्वेचा विद्यार्थी पास त्यात निघायचा, वर वही-पेन्सिलीचं भागायचं. वडिलांच्या चार-पाच दिवसांच्या मजुरीइतकी ती रक्कम होती. श्रीमंती नव्हती, पण घरातून रोज काही न्यावं लागत नव्हतं. मी शिकू शकलो त्याला हे एक कारण होतंच.

पुढे मजुरी वाढली, तिकीट वाढलं, विद्यावेतन तिथंच राहिलं. मी निदेशक झालो, माझे विद्यार्थी निदेशक झाले, तरी ४० रुपये ते ४० रुपयेच. कोविडनंतर पॅसेंजर गाड्या एक्स्प्रेसच्या भाड्याने धावू लागल्या आणि कमीत कमी तिकीट १० रुपयांचं ३० झालं, तेव्हा होटगीहून सोलापूरला एकदा जाऊन-येऊन महिन्याचं विद्यावेतन संपून वर २० रुपये घालावे लागत. २०२४ मध्ये ते भाडं पूर्ववत झालं. त्याच वर्षी राज्य मंत्रिमंडळाने विद्यावेतन ४० वरून ५०० रुपये केलं. बाराएक पट वाढ. मला त्याचा आनंद झाला, आजही आहे. निर्णय घेणाऱ्यांचं श्रेय मी कमी करत नाही. तरी हिशेब मांडून बघावा. माझ्या वेळी विद्यावेतनात वडिलांची चार-पाच दिवसांची मजुरी यायची. आज ५०० रुपये म्हणजे आमच्याकडे बाप्याच्या साधारण एका दिवसाची हजेरी. महिन्यात एक दिवस.

एवढी रक्कमसुद्धा वेळेवर आली तर पुष्कळ काही करते, हे मी पाहिलं आहे. तिच्यात महिन्याचा पास बसतो. पास काढलेला मुलगा येतो. ज्याला रोज सकाळी आईकडे तिकिटाचे पैसे मागावे लागतात, तो आधी सोमवारी चुकतो, मग आठवडाभर.

पैसे वेळेवर न येण्याची कारणं मी नीट पाहिली आहेत, त्यामुळे कुणा एका माणसावर राग नाही. सगळं ऑनलाइन झालं, पैसे थेट खात्यात येऊ लागले. मधल्या हातांना चिकटणारं थांबलं, ही फार मोठी गोष्ट. पण आता पैसा मुलाकडे न जाता आधारशी जोडलेल्या खात्याकडे जातो, आणि ते खातं कोणतं हे पुष्कळदा मुलालाच माहीत नसतं. शाळेत असताना एक खातं उघडलेलं, आईबरोबर दुसरं, सिमकार्ड घेताना दुकानदाराने अंगठा घेऊन उघडलेलं तिसरं. सगळ्यात शेवटी जे आधारला जोडलं गेलं त्यात पैसे पडतात. एका मुलाचे वर्षाचे पैसे असे कुणालाही ठाऊक नसलेल्या खात्यात पडून होते. तो मात्र आले नाहीत म्हणून इकडे संस्थेत, तिकडे बँकेत खेटे घालत होता.

दुसरं नावांचं. आमच्या भागात सिद्रामच्या नावाची आधारवर एक रीत, शाळेच्या दाखल्यावर दुसरी, बँकेच्या पासबुकावर तिसरी. गुरुजींनी पहिलीत जे लिहिलं ते दाखल्यावर, आधारवाल्याने कानाला ऐकू आलं ते इंग्रजीत, बँकेने आडनाव आधी घेतलं. माणसाला हे तिन्ही सिद्राम एकच आहेत हे बघताक्षणी कळतं. पोर्टलला कळत नाही. अर्ज मागे येतो. दुरुस्तीसाठी आधार केंद्राची रांग, एक दिवस. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तलाठी, मग तहसील. आमचं दक्षिण सोलापूर तहसील सोलापूर शहरात, आणखी एक दिवस. हे सगळे दिवस वर्गातले जातात. म्हणजे शिकण्यासाठीचे पैसे मिळवायला शिकण्याचेच दिवस खर्ची घालायचे, आणि पुन्हा हजेरी ८० टक्के.

आम्ही काही सहकाऱ्यांनी यावर एक साधी गोष्ट केली. प्रवेश पूर्ण झाल्यावर लगेच, प्रात्यक्षिक सुरू व्हायच्या आधी, एकाच दिवशी संस्थेत सगळ्यांना बोलावलं. बँकेचा माणूस, सेवा केंद्रवाला मशीन घेऊन, दाखल्यांचे अर्ज घ्यायला कर्मचारी. मुलांना आईबापांसह यायला सांगितलं. वर्कशॉपची टेबलं ओळीने लावली. आधारवरचं नाव, दाखल्यावरचं नाव, पासबुकावरचं नाव शेजारी शेजारी ठेवून आम्ही स्वतः तपासलं, जसा मुलांचा जॉब तपासतो तसा. फरक असेल तिथं लाल पेन्सिलीने गोल. त्या बॅचची कागदपत्रं दसऱ्याआधी पुरी झाली. यात कौतुकासारखं काही नाही. पण जे काम मुलाने एकट्याने करायचं तर दहा-पंधरा दिवस मोडतात, ते संस्थेने केलं तर एका दिवसात होतं. हे प्रत्येक आयटीआयच्या वेळापत्रकात छापलेलं असावं, कुणा निदेशकाच्या हौसेवर ठेवू नये.

जर्मनीचं उदाहरण हल्ली आपल्याकडे वारंवार दिलं जातं. २०२४ मध्ये महाराष्ट्राने बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करारही केला. तिथल्या शिकाऊ मुलांचं कौशल्य, यंत्रं, कारखान्यात शिकायची पद्धत याबद्दल सगळे बोलतात. मला त्यांच्या कायद्यातलं एक कलम जास्त मोलाचं वाटतं. शिकाऊ मुलाला चालू महिन्याचा मोबदला त्या महिन्याच्या शेवटच्या कामाच्या दिवसापर्यंत मिळालाच पाहिजे, असं तिथं कायद्यात लिहिलेलं आहे. रक्कम किमान किती हेही २०२० पासून कायद्याने बांधलं आहे, पण तारीख आधीपासून बांधलेली. तिथं मोबदला कारखाना देतो, इथं विद्यावेतन सरकार देतं, व्यवस्था वेगळ्या. महिन्याच्या पैशाला महिन्याची मुदत घालायला मात्र व्यवस्था बदलावी लागत नाही.

आयटीआय संपल्यावरचा टप्पा अप्रेंटिसचा. १९६१ चा शिकाऊ उमेदवारी कायदा आहे, त्यानुसार कारखान्यांना ठरावीक प्रमाणात शिकाऊ घ्यावे लागतात. २०१९ च्या नियमांनी आयटीआय झालेल्याला महिन्याला किमान ७,००० रुपये ठरवले. त्यातला पाव हिस्सा, जास्तीत जास्त १,५०० रुपये, केंद्र सरकार उचलतं, आणि २०२३ च्या ऑगस्टपासून तो हिस्सा थेट उमेदवाराच्या खात्यात जातो. उरलेलं कारखाना देतो, पगाराच्या दिवशी. आमच्या जिल्ह्यातली मुलं कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपला, चिंचोळी आणि अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत अप्रेंटिसला जातात. ज्या मुलांनी आयटीआयची दोन वर्षं कशीबशी काढली, ती इथं आल्यावर सहसा गळत नाहीत. पैसा पुरेसा नाही, पण येतो. घराला सांगता येतं.

२०२४ च्या जुलैत एक नवी गोष्ट झाली. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली. १८ ते ३५ वयाच्या बेरोजगारांना सहा महिने एखाद्या आस्थापनेत काम, आणि सरकारकडून विद्यावेतन: बारावीला ६,०००, आयटीआय-पदविकेला ८,०००, पदवीधराला १०,०००. आषाढीला पंढरपुरात मुख्यमंत्र्यांनी तिचा उल्लेख केला आणि गावोगावी तिला 'लाडका भाऊ' नाव पडलं. आमच्या ओट्यावर त्या आठवड्यात पाय ठेवायला जागा नव्हती.

वळसंगची एक मुलगी, इलेक्ट्रिशियन झालेली, दोन कागद घेऊन आली. एका कारखान्याचं अप्रेंटिसचं बोलावणं, सोलापूरच्या पलीकडे, ७,००० रुपये. दुसरा पर्याय गावाजवळच्या सरकारी कार्यालयात सहा महिने, ८,००० रुपये. म्हणाली, "सर, तिकडं रोज दोन गाड्या बदलून जायचं, त्यात हजार-दीड हजार जातील. इकडं चालत जाते. तुम्हीच सांगा कुठलं घेऊ." वर्गात सगळ्यात नीट वायरिंग करणारी मुलगी ती. तिच्या बोर्डातली प्रत्येक वायर काटकोनात वळायची, एक क्लिप तिरकी नसायची. मी तिला अप्रेंटिस घे म्हणालो. वडील म्हणाले, हजार रुपये जास्त आणि पोरगी नजरेसमोर. त्यांचं चुकत नव्हतं. ती कार्यालयात रुजू झाली. तिथं तिने नोंदी भरल्या, लोकांचे अर्ज संगणकावर चढवले, 'लाडकी बहीण'चे फॉर्म तपासले. पुढे योजनेची मुदत पाच महिन्यांनी वाढली. या सगळ्या काळात तिच्या हातात एकदाही टेस्टर आला नाही. घरात मात्र पैसे आले, त्यात भावाची फी गेली.

या योजनेला मी वाईट म्हणणार नाही. ज्या घरात ते ८,००० आले त्या घराला विचारावं. माझं म्हणणं एवढंच आहे की ज्या मुलीला दोन वर्षं सरकारने खर्च करून इलेक्ट्रिशियन केलं, तिला इलेक्ट्रिशियनच्या कामावर ७,००० आणि टेबलावर बसायला ८,००० अशी पाटी आपणच लावली, तर ती कुठं जाईल हे आधी कळायला हवं होतं. आयटीआय झालेल्यांसाठी या योजनेचे पैसे अप्रेंटिसच्या रकमेत भर म्हणून दिले असते, तर ती त्या कारखान्यात गेली असती आणि बापानेही हो म्हटलं असतं. केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेने २०२५ च्या मे महिन्यात अप्रेंटिसचं विद्यावेतन ३६ टक्के वाढवायची शिफारस केली, ती योग्य आहे. वाढवताना शेजारची योजना काय देते तेही बघावं.

स्टेशनजवळच्या हॉटेलात चहा पिताना मला एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं. "फुकटचे पैसे देऊन सरकार पोरांना आळशी करायलंय." बोलणारे वाईट नसतात. कष्टाने वर आलेली माणसं असतात, एखाद्याचा स्वतःचा ट्रॅक्टर असतो, एखादा निवृत्त असतो. त्यांना मी विचारतो, सकाळी सहाला उठून गाडी पकडून आठ तास उभं राहून कानस मारणारं पोरगं आळशी कसं? ते त्या आठ तासांत हेल्पर म्हणून गेलं असतं तर पैसे घेऊन आलं असतं. ते सोडून ते शिकायला उभं राहिलं, त्या सोडलेल्या मजुरीचा एक छोटा भाग सरकार भरून देतं. माझ्या वडिलांना खडी फोडल्याचे पैसे मिळाले त्याला कुणी फुकटचे म्हटलं नाही. आणि दुसरं, आयटीआयच्या एका लेथवर सरकार लाखो रुपये घालतं, वर माझ्यासारख्याचा पगार. लेथसमोर मुलगाच नसेल, तर खरा वाया गेलेला पैसा तो. त्या लेथसमोर त्याला उभं ठेवायला लागणारी रक्कम त्यापुढे काहीच नाही.

रक्कम वाढवायला तिजोरी लागते, हे मला कळतं. राज्याची ओढाताणही कळते. तारीख ठरवायला मात्र तेवढी तिजोरी लागत नाही. वर्षाअखेर जे ६,००० द्यायचेच आहेत, ते महिन्याच्या पाच तारखेला ५०० करून द्यावेत. पहिला हप्ता प्रवेशाच्या महिन्यातच, कागदपत्रांची पडताळणी मागाहून चालू ठेवून. एखाद्याचे दाखले शेवटी जमले नाहीत तर पुढचे हप्ते थांबवावेत. दोन-तीन हप्ते अपात्राला गेले तर जे नुकसान होईल, ते पात्र मुलगा दिवाळीला गळण्यापेक्षा लहान आहे. हजेरीला जोडायचं तर तेही दर महिन्याला जोडावं: या महिन्यात ८० टक्के भरली, पुढच्या पाच तारखेला पैसे. मुलाला आणि त्याच्या आईला हे लगेच समजतं, कारण त्यांच्या घरातले बाकीचे सगळे हिशेब असेच चालतात.

कुंभारीच्या त्या मुलाचा धाकटा भाऊ गेल्या ऑगस्टात आईसह आला. आई आता थकली आहे, विड्या कमी वळते. मी त्यांना जे सांगितलं तेच या वर्षीही येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. प्रवेशाची पावती मिळाली त्या दिवशी बँकेत जा आणि आधारला कोणतं खातं जोडलंय ते लिहून घ्या. नवं खातं उघडू नका, कुणी सिमकार्डाबरोबर देत असेल तरी घेऊ नका. दाखला, आधार आणि पासबुक या तिन्हींवरची अक्षरं एकदा मोठ्याने वाचा. उत्पन्नाचा दाखला प्रवेशाआधीच काढून ठेवा. विडी कामगाराचं ओळखपत्र असेल तर त्याची शिष्यवृत्ती वेगळी भरा, ती आपोआप मिळत नाही. पासाचे पहिल्या तीन महिन्यांचे पैसे बाजूला ठेवा. नसतील तर लाजू नका, संस्थेत निदेशकाला तोंडावर सांगा. ऐकून आईने विचारलं, "आणि पैसे कधी येतील?" थोरल्याच्या वेळी विचारलेला तोच प्रश्न. मी तिला सांगितलं की अजूनही तारीख नाही, आणि तारीख मागणारा अर्ज मी लिहिला आहे, त्यावर तुमचीही सही हवी. तिने पदर नीट केला आणि पेन मागितलं.